रात्रीच्या धावत्या दिव्यांचे फोटो, साध्या कॅमेऱ्यावर (सांगली-मिरजकर, जरा मदत करा)

गावभागातली

नमस्कार मंडळी. दादाच्या कपाटातला जुना कॅनन ए५९० माझ्याकडे आलाय. दोन पेन्सिल सेलवर चालणारा, पर्समध्ये मावणारा. रात्री गाड्यांच्या दिव्यांच्या लांब लाल-पिवळ्या रेघा उमटलेले फोटो असतात ना, तसले मला सांगलीतच काढायचेत. जागा ठरली आहे, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचं तोंड. संध्याकाळी सातच्या सुमारास जाते.

अडचण अशी की टीव्ही मोडवर (शटरचा वेळ आपण ठरवायचा, बाकीचं कॅमेरा बघतो तो मोड) १५ सेकंद ठेवले की रस्त्यावर नुसता पांढरा लोळ येतो. २ सेकंद ठेवले तर रेघा तुटक. ६-८ ठेवले तर दोन्ही दोष थोडे थोडे. नेमका वेळ किती ठेवायचा?

आधीच सांगते, डीएसएलआर घेणार नाही. आणि फोनही नको. फोन स्वतःच इतकं काही करून ठेवतो की फोटो मी काढला असं वाटतच नाही.

वाळव्याचा गडी

ताई, फोन नको म्हणताय म्हणून गप बसतो. नाहीतर पोराच्या फोनात त्याचं बटनच हाय, दाबलं की रेघाच रेघा.

जुना स्टुडिओवाला

ताई, आधी बारीकसारीक उरकून घेऊ. फ्लॅश बंद. कॅमेरा हातात धरायचा नाही. स्टँड नसेल तर शाळू भरलेली छोटी पिशवी घ्या, कठड्यावर ठेवा, तिच्यात कॅमेरा दाबून बसवा. बटण बोटाने दाबताना कॅमेरा हलतो, म्हणून २ सेकंदांचा सेल्फ टायमर लावा. फोकस मॅन्युअल करून लांबवर न्या. अंधारात ऑटोफोकस चाचपडत बसतो आणि तेवढ्यात बस निघून जाते. असल्या छोट्या कॅमेऱ्यात एफ ८ ला (म्हणजे भिंगाचं भोक बारीक ठेवून) दीड मीटरपासून पुढचं सगळं नीट येतं, तेव्हा त्याची फार काळजी नको. आणि पुलावर उभ्या राहू नका. जड गाडी गेली की पूल थरथरतो, ती थरथर फोटोत उतरते. काठावर, पक्क्या जमिनीवर थांबा.

आमच्या वेळी याशिका मॅट १२४जी आणि केबल रिलीज. शटर 'बी'वर ठेवायचं, केबल दाबून धरायची, तोंडाने आकडे मोजायचे आणि रोल धुऊन येईपर्यंत वाट बघायची. फिल्मचं आणखी एक दुखणं होतं. काही सेकंदांच्या पुढं गेलं की तिची उजेड टिपायची ताकद मंदावते, मग हिशेबाने आलेल्या वेळेपेक्षा जास्त द्यावा लागायचा. तुमच्या डिजिटलला ते नाही. तेव्हा रडू नका.

फिजिक्सवाले सर

प्रश्न जरा उलट्या टोकाने धरलाय असं वाटतं. वेळ किती ठेवायचा हे नंतर बघू.

थांबलेली वस्तू आणि पळणारा दिवा यांचा हिशेब वेगळा असतो. पुलाचा कठडा, झाडं, आकाश हे १५ सेकंद जागच्या जागी असतात. त्यांचा उजेड सेन्सरच्या (डिजिटलमध्ये फिल्मच्या जागी असतो तो) त्याच ठिपक्यांवर १५ सेकंद साचत राहतो. गाडीचा दिवा मात्र एका ठिपक्यावर क्षणभर असतो आणि पुढच्यावर सरकतो. तो सरकून गेल्यावर शटर आणखी दहा सेकंद उघडं राहिलं तरी रेघेच्या त्या भागात काहीच भर पडत नाही. म्हणजे रेघ किती प्रखर येणार हे शटरचा वेळ ठरवत नाही. ते ठरवतं अ‍ॅपर्चर (भिंगाचं भोक), आयएसओ (सेन्सर उजेडाला किती हळवा ते), आणि दिवा चौकटीतून किती वेगाने सरकतोय. शटर ठरवतं रेघेची लांबी, आणि मागचा परिसर किती उजळ येणार ते.

तुमच्या टीव्ही मोडमध्ये काय होतं बघा. कॅमेऱ्याला समोर बराचसा अंधार दिसतो. तो अंधार उजळायचा म्हणून तो अ‍ॅपर्चर सताड उघडतो, एफ २.६. त्या उघड्या भोकातून हेडलाइट आत आला की जळून पांढरा होणारच. तुम्ही वेळ कमी-जास्त करत बसलात, भोकाला कुणी हातच लावला नाही.

ए५९० ला 'एम' मोड आहे. तिथं जा. आयएसओ ८०, अ‍ॅपर्चर एफ ८. एफ २.६ च्या मानाने उजेड नऊ-साडेनऊ पटींनी कमी होतो. इतक्या लहान सेन्सरवर एफ ८ ला विवर्तनामुळे (बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) चित्र थोडं मऊ येतं, ते सोसा. मग वेळ असा काढा: गाडी ताशी ३६ किलोमीटरने चालली असेल तर सेकंदाला १० मीटर. तुमच्या चौकटीत रस्त्याचा ८० मीटरचा तुकडा दिसत असेल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड रेघ यायला ८ सेकंद लागतील. १० ठेवा. झालं.

मिरज जंक्शन

सर, हे पटलं नाही. मी स्वतः बघितलंय, वेळ वाढवला की रस्ता जास्त भगभगीत येतो. वेळेचा संबंध नाही कसा?

फिजिक्सवाले सर

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. एक गाडी त्या जागेवरून एकदाच जाते. पण १५ सेकंदांत त्याच जागेवरून सहा गाड्या गेल्या तर सहा रेघा एकमेकींवर चढतात. भगभगीतपणा गर्दीचा आहे. रात्री अकरा वाजता एकच मोटरसायकल जाऊ द्या, ५ सेकंद आणि १५ सेकंद, दोन्हीतली रेघ तितकीच उजळ येईल.

मिरज जंक्शन

रात्री अकराला थंडीत पुलावर तुम्हीच जावा सर.

जुना स्टुडिओवाला

सर म्हणतात ते खरं आहे, आम्ही ते हिशेब न मांडता करायचो. मी त्यात जागेचं बोलतो. पुलाच्या तोंडाशी समोरासमोर उभं राहिलं की गाडी सरळ अंगावर येते. तिचा दिवा चौकटीत फारसा सरकतच नाही, एकाच ठिकाणी मोठा होत जातो, म्हणून लोळ. जरा बाजूला सरका, रस्ता तिरपा धरा, दिवा डावीकडून उजवीकडे पळू द्या. तीच गाडी, तेच सेटिंग, बारीक सुतासारखी रेघ येते.

दुसरं, वेळ सातची चुकते. पूल १९२९ चा, रुंदी त्या काळच्या रहदारीची. संध्याकाळी सातला त्यावर गाड्या पळत नाहीत, सरकतात. एक वळून येतोय म्हणून मागचे चार थांबलेत. थांबलेला दिवा म्हणजे डाग. साडेआठनंतर जावा, रेघा मिळतील. मात्र तोवर आकाशातला निळेपणा गेलेला असेल. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटं जो गडद निळा रंग असतो तो फोटोला फार शोभतो, काळ्या आकाशात पूल कुठं संपतो ते कळत नाही. निळं आकाश हवं तर गर्दी घ्या, मोकळा रस्ता हवा तर काळं आकाश घ्या. उन्हाळ्यात सूर्य उशिरा मावळतो, तरी तीच गत.

पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन काढायचा विचार असेल तर सोडा. पुलाजवळ ४० फूट पाण्याला इशारा आणि ४५ ला धोका धरतात, पण पायऱ्या त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली असतात आणि चिखल महिनाभर निघत नाही.

गावभागातली

सर, काका, दोघांचे आभार. 'एम' मोडकडे मी कधी गेलेच नव्हते, त्यात सगळंच आपल्याला ठरवावं लागतं म्हणून. पण एक शंका. माझ्या मैत्रिणीकडे याहून साधा कॅमेरा आहे. त्यात 'एम'च नाही, नुसती चित्रं आहेत, डोंगर, माणूस, फटाका. तिनं काय करायचं?

फिजिक्सवाले सर

फटाक्याचं चित्र वापरायचं. त्या मोडमध्ये बहुतेक कॅमेरे आयएसओ खाली ठेवतात, फोकस लांबवर नेतात आणि शटर काही सेकंद उघडं ठेवतात. निकॉनच्या बऱ्याच कूलपिक्समध्ये ते ४ सेकंदांवर पक्कं असतं. ४ सेकंद म्हणजे आपल्या हिशेबाने ४० मीटरची रेघ, लहान वळणाला पुरते. उजेड जास्तच वाटला तर भिंगापुढे उन्हाचा गॉगल धरा. गडद गॉगल पाचवा-सहावा हिस्साच उजेड आत सोडतो. रंग थोडा बदलेल.

आणि सगळ्यांसाठी एक घरगुती प्रयोग सुचवतो. पुलावर जायच्या आधी करा, रात्रीत हात बसतो. पंख्याच्या हुकाला मीटरभर दोरी बांधा, टोकाला किल्लीच्या जुडग्यातला बारीक एलईडी टॉर्च, तोंड खाली. कॅमेरा जमिनीवर पाठ टेकवून, भिंग छताकडे. एफ ८, आयएसओ ८०, १५ सेकंद. दिवे बंद करा आणि टॉर्चला सरळ न ढकलता थोडा तिरपा, लंबगोल फिरेल असा झोका द्या. मीटरभर दोरीचा एक झोका २ सेकंदांचा, म्हणजे सात फेऱ्या मिळतील. पंखा आधी बंद करा हे सांगायला नको.

वाळव्याचा गडी

सर, बरं झालं सांगितलंत.

गावभागातली

केला प्रयोग. आई दारात उभी राहून विचारत होती की लाइट गेली का.

फुलासारखी नक्षी आली, पाकळीवर पाकळी. आणि सर, तुम्ही मुद्दाम सांगितलं नव्हतं ते दिसलं. पाकळीच्या टोकाला रेघ जाड आणि उजळ, मधून जाताना बारीक आणि फिकी. टॉर्च तोच, सेटिंग तेच. टोकाला झोका मंदावतो, मधे जोरात असतो. म्हणजे रेघेचा उजेड वेगावर आहे हे काल वाचलं होतं, आज फरशीवर दिसलं. मग सरळ झोका देऊन पाहिला. तो जवळपास एकाच रेघेवरून जा-ये करतो, तेव्हा ती रेघ पांढरी फटक. मिरज जंक्शन म्हणत होते ती पुलावरची गर्दी हीच.

५ सेकंदांचाही काढला. पाकळ्या कमी आल्या, पण प्रत्येकीचा उजेड तेवढाच.

मिरज जंक्शन

ठीक आहे, मानलं. अकरा वाजता जायची गरज उरली नाही.

गावभागातली

पुलावरचेही जमले काल. एम, एफ ८, आयएसओ ८०, १० सेकंद, तिरप्या बाजूने, पावणेनऊला. पांढऱ्या आणि लाल, दोन्ही रेघा वेगळ्या दिसतात.

पण एक गंमत आहे. काही गाड्यांची मागची लाल रेघ अखंड नाही, ठिपक्याठिपक्यांची आहे, शिवणयंत्राच्या टाक्यासारखी. आणि गतिरोधकाच्या अलीकडे तीच रेघ एकदम सलग होते. जुन्या बसची रेघ मात्र पहिल्यापासून सलग. कॅमेरा बिघडलाय का?

मेन स्विच

कॅमेरा ठणठणीत आहे ताई. माझा मिरजेत ऑटो इलेक्ट्रिकचा धंदा, हे रोजचं. नवीन गाड्यांच्या टेललाइटमध्ये एलईडी असतात. बऱ्याच गाड्यांत तेच एलईडी टेललाइटचं पण काम करतात आणि ब्रेकचं पण. टेललाइट मंद दिसायला हवा, म्हणून सर्किट त्यांना सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतं. डोळ्याला कळत नाही, नुसता मंद वाटतो. ब्रेक दाबला की पूर्ण करंट, उघडझाप बंद. म्हणून गतिरोधकाच्या अलीकडे रेघ सलग झाली. तुमच्या फोटोवरून सांगता येईल कुठल्या गाडीवाल्याने कुठं ब्रेक मारला.

जुन्या बसला तारेचा बल्ब. तो बॅटरीवर सतत जळतो, ठिपके येतच नाहीत.

फिजिक्सवाले सर

वा, मेन स्विच! वर्गात सांगायला उदाहरण मिळालं.

याला भावंड आहे ते रस्त्यावरच्या दिव्यांचं. आपली वीज ५० हर्ट्झची. सोडियमचा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. शटर अर्ध्या सेकंदावर ठेवून कॅमेराच झटक्यात आडवा फिरवा, दिव्याची रेघ गाठी मारल्यासारखी येईल. दोन गाठींत सेकंदाचा शंभरावा भाग. म्हणजे फोटोतच घड्याळ आलं.

अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिल्ब्रेथ या जोडप्याने १९१० च्या दशकात नेमकं हेच मुद्दाम केलं. कामगारांच्या बोटांना छोटे दिवे बांधायचे, अंधारात शटर उघडं ठेवायचं, काम करू द्यायचं. हात कुठून कुठं फिरला त्याची रेघ मिळायची. पुढं त्यांनी दिवा ठरावीक गतीने लुकलुकता केला, मग रेघेचे ठिपके झाले आणि ते मोजून कुठल्या हालचालीला किती वेळ गेला तेही काढता आलं. हौसेचे फोटो नव्हते ते, कारखान्यातल्या कामाचा वेळ वाचवण्याचा उद्योग होता. कामगारांना तो कितपत आवडला असेल हा वेगळा विषय.

वाळव्याचा गडी

आमच्याकडं कारखान्याचा सीझन चालू झाला की या आणि उसाच्या ट्रॉलीचा फोटो काढून दाखवा. ट्रॅक्टरच्या पुढं दोन दिवे, वर गाण्याच्या नादात लुकलुकणारी निळी माळ, आणि मागं दोन ट्रॉल्या, त्यांना दिवाच न्हाई. रेघ कुठनं येणार?

मेन स्विच

खरं आहे. मी बसवून देतो तरी महिन्यात वायर तुटून लोंबते. निदान रिफ्लेक्टरची पट्टी लावा म्हणतो. फोटो बाजूला राहू दे, मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला दिसायला तरी हवं.

आणि ताई, रस्त्याच्या कडेला फोटो काढताना तुम्ही पण काहीतरी चमकणारं घाला. काळी शाल पांघरून कठड्याला टेकून उभं राहू नका.

सातारी कंदी

सांगलीकरांच्या धाग्यात घुसतो. तुमचा प्रदेश सपाट, गाड्यांना सरळ पळण्याखेरीज काम नाही. वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट बघा. वळणावर वळण, एक गाडी चढली की चौकटीत रेघ तीनदा डोंगराला वळसा घालते. ती वळणं पूर्ण मावायची तर मिनिट-दीड मिनिट लागतं, माझा कॅमेरा पण १५ सेकंदांवर अडतो. मग मी एकापाठोपाठ एक फोटो काढतो आणि घरी संगणकावर एकावर एक ठेवतो, प्रत्येक ठिकाणचा सर्वात उजळ ठिपका राखायचा. ताऱ्यांसाठीचं स्टारस्टॅक्स म्हणून फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात हे होतं.

पण रेघेत मधे मधे मोठी भोकं पडतात. एक फोटो झाला की कॅमेरा १५ सेकंद 'बिझी' दाखवतो, तेवढ्यात गाडी पुढचं वळण घेते. उपाय आहे का?

फिजिक्सवाले सर

ते १५ सेकंद कॅमेरा दुसरा फोटो काढत असतो, शटर मिटून. सेन्सर तापल्यामुळे जे रंगीत ठिपके उमटतात ते त्या काळ्या फोटोत तेवढेच मिळतात, मग तो ते वजा करतो. तुमच्या मेनूत नॉइज रिडक्शन बंद करता येत असेल तर करा. ए५९० सारख्या कॅननच्या कॅमेऱ्यांत मेनूतून होत नाही, पण सीएचडीके नावाचं फुकट सॉफ्टवेअर मेमरी कार्डवर टाकता येतं. त्यातून ते बंद होतं आणि १५ सेकंदांची मर्यादाही ओलांडता येते. कार्डवरूनच चालतं, कॅमेऱ्याचं मूळ सॉफ्टवेअर तसंच राहतं. मॉडेल आणि आतलं व्हर्जन मात्र नेमकं जुळलं पाहिजे. नॉइज रिडक्शन बंद केल्यावर शेवटी भिंगाला टोपण लावून तेवढ्याच वेळेचा एक काळा फोटो स्वतः काढा, तो सगळ्यांतून वजा करा. स्टारस्टॅक्सला तो 'डार्क फ्रेम' म्हणून देता येतो.

तासगावची पाटलीण

धागा सुरुवातीपासून वाचतेय. गाड्यांवर एवढी चर्चा, आणि कवठे एकंदचा दसरा कुणालाच आठवला नाही? विजयादशमीच्या रात्री सिद्धराज महाराजांची पालखी आणि रात्रभर आतषबाजी. औट, लाकडी शिंगटं, झाडकाम असे दारूकामाचे प्रकार. गावातली मंडळंच हे बनवतात. पळता उजेड म्हणाल तर याहून जास्त कुठं मिळणार?

गावभागातली

जायचंच आहे! पण तिथं सेटिंग काय? फटाका तर सारखा नवीन जागी फुटतो.

जुना स्टुडिओवाला

तेच एफ ८, आयएसओ ८०, वेळ २ ते ४ सेकंद. ठिणगीसुद्धा पळता दिवाच आहे, सरांचा नियम तिलाही लागू. वेळ वाढवला तर ठिणग्यांवर ठिणग्या चढून पांढरा गोळा होतो. उडायच्या आवाजाबरोबर शटर उघडा. २ सेकंदांचा टायमर इथं जमणार नाही, बटणावर हलकं बोट ठेवून दाबा आणि कॅमेरा घट्ट बसवा. पहिल्या तासाभरात काढून घ्या, नंतर धूर साचतो आणि तो धूरच उजळतो, रेघा बुडतात. वारा पाठीवर घ्या.

तासगावची पाटलीण

काका फोटोचं सांगतायत, मी बाकीचं सांगते. सुती कपडे, पायात बूट, डोक्याला रुमाल. नायलॉनची ओढणी नको, ठिणगी पडली तर चिकटून जळते. रस्त्यावर गर्दीच्या आत शिरू नका. ओळखीच्या कुणाच्या तरी माडीवर किंवा गच्चीवर जागा मागा, लोक देतात. लहान मुलं घेऊन पुढं जाऊ नका. दारूकामाच्या जवळ जाऊन वाकून फोटो काढणारे हौशी दरवर्षी असतात, त्यांच्यातले होऊ नका.

सातारी कंदी

याच सुरात एक. इंटरनेटवर बघून काही पोरं लोखंडी किसाची जाळी पेटवून दोरीने गरगर फिरवतात, ठिणग्यांचं वर्तुळ येतं. आमच्याकडे डोंगरावर वाळलेल्या गवतात असं कुणी करताना दिसलं तर मी सरळ भांडतो. एक ठिणगी आणि वणवा.

वाळव्याचा गडी

आमच्याकडं पाचट हाय. तेच.

फिजिक्सवाले सर

फुलबाजी पुरते त्या कामाला, तीही अंगणात, बाजूला पाण्याची बादली ठेवून. नाव लिहायचं असेल तर लिहिणाऱ्याने नेहमीसारखं लिहावं. कॅमेऱ्यात ते आरशातल्यासारखं उलटं येईल, घरी फोटो आडवा पलटवा. कॅमेऱ्यासाठी उलटं लिहायला गेलात तर 'ज्ञ'पाशी अडाल.

गावभागातली

ठरलं मग. दसऱ्याला कवठे एकंद, आतेबहिणीचं घर रस्त्यालाच आहे, गच्ची मिळेल. कुणी येणार असाल तर इथंच लिहा. काका, कार्ड ८ जीबीचं आहे, रात्रभर पुरेल ना?

जुना स्टुडिओवाला

कार्ड पुरून उरेल. सेल पुरणार नाहीत. एवढा वेळ शटर उघडं आणि पाठीमागचा पडदा चालू, साधे पेन्सिल सेल तासाभरात मान टाकतात. चार्जिंगवाले चार घ्या, दोन कॅमेऱ्यात, दोन खिशात. मी पण येतोय, बोर्डिंगपाशी कुणी गाडी आणणार असेल तर सांगा.

मेन स्विच

माझी गाडी आहे, मागे दोघांची जागा. टेललाइट तारेच्या बल्बचा आहे, ठिपके मिळणार नाहीत.